बंद कोठडी आणि उघडा फड



आजचा विषय जड आहे. जवळ लहान मुलं बसली असतील तर त्यांना थोडा वेळ अंगणात खेळायला पाठवा, आणि मग निवांत ऐका. विषय असा की, पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात एखादं माणूस मरतं, तेव्हा आत काय घडलं हे जगाला कळतं कसं? आणि ते कळावं म्हणून नाटकं लिहिणाऱ्यांनी, कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी, सिनेमा काढणाऱ्यांनी आजवर काय केलं?

आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडच्या एखाद्या गावात चोरी होते. रात्री गाडी येते. ती वाड्यावर जात नाही, बंगल्यावर जात नाही. ती जाते गावाबाहेरच्या पालावर किंवा पारध्यांच्या वस्तीवर. घरातला बाप्या उचलून नेतात. कशासाठी नेलं हे बायकोला कुणी सांगत नाही. ती पोराला कडेवर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहते. आणि कधी कधी दोन दिवसांनी निरोप येतो की, बाई, तुझा नवरा गेला.

कसा गेला? चार भिंतींच्या आत जे घडलं ते मेलेला सांगू शकत नाही. बाकीचे कैदी भ्यालेले असतात. कागद लिहिणारे तेच, ज्यांच्यावर संशय. इतर कुठल्याही मरणाला शेजारीपाजारी साक्षीदार असतात. कोठडीतल्या मरणाला साक्षीदारच नसतो. म्हणून मला वाटतं, नाटकाचं काम इथे सुरू होतं. नाटक ती बंद खोली उचलून गावाच्या मध्यभागी आणून ठेवतं आणि म्हणतं, आता तुम्ही साक्षीदार व्हा.

पुण्याची कोठडी, १७९१

ही गोष्ट आजची नाही. पेशवाईतली आहे. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या नावानं नाना फडणवीस कारभार बघत होते. घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल. कोतवाल म्हणजे शहराचा पोलीसप्रमुखच म्हणा. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी, आणि जो सापडेल तो चौकीत. घाशीरामाचा दरारा मोठा होता.

ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेकडून तीसपस्तीस ब्राह्मण पुण्यात आले होते. श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जायची, त्यासाठी लांबलांबून लोक यायचे. कोतवालाच्या बागेत शिरून त्यांनी काही तोडलं, असा आळ आला. कोतवालाच्या माणसांनी त्या सगळ्यांना एका लहानशा कोंदट खोलीत कोंडलं. हवा नाही, पाणी नाही. मानाजी फाकडे या सरदाराला आरडाओरडा कळला, तेव्हा त्यानं कुलूप तोडवलं. तोवर बरेच जण गुदमरून मेले होते. सगळे मिळून एकवीस जीव गेले.

शहर खवळलं. लोक न्यायाधीशाच्या दारात जमले, नानांच्या वाड्यासमोर जमले. शेवटी नानांनी घाशीरामाला लोकांच्या हवाली केलं. त्याची धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता. त्यानंही हा प्रसंग आपल्या वरिष्ठांना लिहून कळवला.

आता विचार करा. एका कोठडीत एकवीस माणसं मेली म्हणून आणखी एक माणूस मेला. त्यानं कोठडी सुधारली का? कुणाला किती वेळ कोंडावं, कुणाला विचारून कोंडावं, याचा नियम झाला का? नाही. ज्या हातांनी घाशीरामाला कोतवाल केलं, ते हात तिथेच राहिले.

नेमकी हीच गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांनी विजय तेंडुलकरांनी नाटकात मांडली. ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आणि नानांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. कीर्तन, दशावतारी खेळे, लावणी असा आपल्या ओळखीचा सगळा बाज त्यात होता. पडदा नव्हता. माणसांची रांग उभी राहायची, तीच भिंत. भिंत गायची, नाचायची. मागे काय चाललंय ते ती झाकायची आणि हवं तेव्हा फुटून दाखवायची.

नाटकावर गदारोळ झाला. नानांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली, असे आक्षेप आले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक बंद केलं. पण कलाकारांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी ही स्वतःची संस्था काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढे ते परदेशातही गाजलं.

तेंडुलकर म्हणत होते की हे ऐतिहासिक नाटक नाही. आणि ते खरंच होतं. खुर्चीवरचा मोठा माणूस आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम तयार करतो, त्याला मोकळं सोडतो, आणि अंगाशी आलं की त्यालाच लोकांपुढे टाकतो. हे कुठल्याही काळात घडतं. नाटक बघून उठणाऱ्याच्या मनात दगड उचलायची इच्छा राहत नाही. त्याच्या मनात प्रश्न येतो, घाशीराम केला कुणी?

चौंडीची लेक आणि इंग्रजांचा कायदा

ज्या साली पुण्यात हे घडलं, त्या साली आपल्या चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर महेश्वरला राज्य करत होती. तिच्या मुलखातल्या वाटांवर भिल्लांची लूटमार चालायची. अहिल्याबाई प्रसंगी कठोर झाल्या. पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. डोंगरवाटेनं जाणाऱ्या मालावर भिल्लांचा लहानसा कर घेण्याचा हक्क त्यांनी मान्य केला आणि बदल्यात त्या वाटेची राखण भिल्लांवरच सोपवली. ज्याला चोर म्हटलं, त्यालाच राखणदार केलं. आपल्या जिल्ह्याला आज त्यांचं नाव आहे. ते घेताना त्यांचा हा न्यायही आठवायला हवा.

इंग्रजांनी याच्या अगदी उलट केलं. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. आधी तो उत्तरेकडे लागू झाला, आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही. कायदा असं म्हणत होता की काही जातीच जन्मानं गुन्हेगार आहेत. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार! पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटा, बेरड अशा कितीतरी जातींवर तो शिक्का बसला. हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवाना घ्यायचा. कित्येक कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवलं. सोलापूरला अशी मोठी वसाहत होती. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

हे जगणं मराठीत सगळ्यात ठसठशीत उभं केलं ते अण्णा भाऊ साठ्यांनी. अण्णा भाऊ वारणेकाठच्या वाटेगावचे. शाळा जवळजवळ नाहीच. पण त्यांची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी वाचली की कळतं, हजेरी म्हणजे काय असतं. दिवसभर राबलेल्या माणसानं चावडीवर जाऊन ‘मी पळालो नाही’ हे सिद्ध करायचं, रोज, आयुष्यभर. वरून बघितलं तर नुसती सही. आतून बघितलं तर अख्खं गाव हीच कोठडी.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’. पण कायदा गेला तरी नजर गेली नाही. सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले आणि संशयाची बोटं त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं त्या नजरेखाली वाढलेल्या पोरांनीच लिहिली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या गावच्या वाचनालयात असतील तर गटात मोठ्यानं वाचा.

बुधन आणि पिन्या

आता १९९८ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात दोन माणसं मेली. एक बंगालमध्ये, एक आपल्या शेजारी बारामतीत.

बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला बुधन शबर. खेडिया शबर या, पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीतला गरीब माणूस. बायको श्यामलीबरोबर बाहेर निघाला होता. फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला धरलं आणि आठवडाभरात तो कोठडीत मेला. सांगण्यात आलं की त्यानं गळफास घेतला.

तिथल्या शबर समितीबरोबर थोर लेखिका महाश्वेता देवी बरीच वर्षं काम करत होत्या. समितीच्या लोकांनी काय केलं ऐका. प्रेत जाळलं तर पुरावाच जळणार, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी बुधनचं प्रेत त्याच्याच झोपडीच्या जमिनीत पुरलं आणि बाहेर चितेवर नुसता पुतळा जाळला. पुन्हा शवविच्छेदन करता यावं म्हणून! नवऱ्याला घरातल्या भुईत ठेवून त्या बाईनं दिवस कसे काढले असतील? समिती कोलकाता उच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी आत्महत्येची कहाणी फेटाळली, सीबीआय चौकशीचा आदेश दिला आणि श्यामलीला भरपाई द्यायला सांगितलं.

जून १९९८ मध्ये बारामतीला पिन्या हरी काळे हा पारधी समाजातला माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. मागे बायको आणि लहान लेकरं. बारामती आपल्यापासून किती लांब? श्रीगोंद्यावरून निघालात तर भीमा ओलांडली की आलीच. म्हणजे ही आपल्याच घरची गोष्ट.

त्या वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक गट उभा केला होता. ते अहमदाबादच्या छारानगरात पोहोचले. छारा ही तशीच शिक्का बसलेली जमात, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत राहिलेली. तिथल्या तरुणांनी आधी एक लहान वाचनालय सुरू केलं. मग दक्षिण बजरंगे या तरुणानं बुधनच्या मरणावर नाटक लिहिलं. कोर्टाचा निकाल आणि बातम्या हेच त्याचं सामान. ३१ ऑगस्ट १९९८, म्हणजे विमुक्त दिनी, ते छारानगरात पहिल्यांदा झालं.

ना रंगमंच, ना दिवे, ना कपडेपट. जी पोरं पोलीस बघितला की पळायची, त्यांतलीच काही पोलीस झाली आणि एक बुधन झाला. मार बसत होता तो बंगालच्या शबराला, पण बघणाऱ्या आयाबाया रडत होत्या ते स्वतःच्या घरातलं आठवून. त्या दिवसापासून त्या मंडळींचं नावच पडलं ‘बुधन थिएटर’. पुढे त्यांनी आपल्या पिन्या काळेच्या मरणावरही नाटक केलं. बारामतीच्या पारध्यासाठी अहमदाबादच्या पोरांनी रस्त्यावर उभं राहावं, याचा मला अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. आपल्याकडे फड आहेत, भारूड आहे, कलापथकं आहेत. आपण काय केलं?

बुधन थिएटर आजही आहे. तिथली एक पिढी नाटकातून शिकली, वकील झाली, पत्रकार झाली. वस्तीकडे बघण्याची शहराची नजर थोडी का होईना बदलली. नाटकानं बुधन परत आला नाही. पण बुधनचं मरण फाइलमध्ये बंदही झालं नाही.

वर्दीच्या आतला माणूस

इथे कुणी म्हणेल, ताई, तुम्ही पोलिसांच्या विरुद्धच बोलताय. तसं नाही. आपल्या गटांत पोलिसांच्या बायका आहेत, आया आहेत. नवरा सणाला घरी नसतो, झोप नाही, वरून साहेबाची बोलणी. हे त्यांना विचारा.

श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ नावाची मराठी कथा आहे. तिच्यावर गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ हा हिंदी सिनेमा काढला. पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरी यांनी रंगवलेला अनंत वेलणकर हा फौजदार मुळात प्रामाणिक. बाप हवालदार होता आणि घरात मारझोड करायचा, ते बघत तो वाढला. मोठ्या गुंडाला तो हात लावू शकत नाही, कारण वरून फोन येतो. तो राग साठत जातो आणि शेवटी एका भुरट्या चोरावर निघतो. चोर कोठडीत मरतो.

बघा, सिनेमानं खून माफ केला नाही. पण खून होतो कसा हे दाखवलं. बलवानापुढे हतबल झालेला हात दुबळ्यावर पडतो. घरातही असंच होतं, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून सुधारणा म्हणजे चार पोलिसांना शिव्या देणं नव्हे. तपास शिकवा, माणसं वाढवा, वरचा फोन बंद करा, आणि ठाण्यात काय चाललंय ते बाहेरून दिसेल अशी सोय करा.

दगड उचलायचा मोह

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणी, एखाद्या पोरीवर अत्याचार झाला की म्हणतात, कोर्ट नको, आमच्या हवाली करा. तो संताप खोटा नाही.

१३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला पोलिसांनी आणलं होतं. कस्तुरबानगर वस्तीत त्यानं वर्षानुवर्षं बायकांचा छळ मांडला होता. तक्रारींचा उपयोग होत नव्हता. त्या दिवशी जमाव न्यायालयात घुसला, त्यात वस्तीतल्या बायका पुढे होत्या, आणि पोलिसांच्या ताब्यात असलेला अक्कू तिथेच मारला गेला. खटला दहा वर्षं चालला. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. यावर पुढे ‘२०० हल्ला हो’ नावाचा सिनेमा आला, त्यात अमोल पालेकर आहेत.

त्या बायकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण हे मरणही पोलिसांच्या ताब्यातलंच मरण होतं. पुण्याच्या घाशीरामासारखंच. न्यायाचं दार बंद राहिलं की गर्दी न्यायाधीश होते. आणि गर्दीचा दगड आज गुंडाला लागला, तरी उद्या तो पालावरच्या निरपराध माणसालाही लागतो. मुलं पळवणारी टोळी आली, अशा अफवेवरून १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मारलं. तीही भटकी माणसं, हेही विसरायचं नाही.

आयांची पत्रं

मग दार उघडतं कशानं? इतिहास सांगतो, पुष्कळदा एखाद्या बाईनं ठोठावल्यानं.

ओडिशातल्या नीलावती बेहेरा या आईनं, मुलगा पोलिसांच्या ताब्यात मेला म्हणून, १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला साधं पत्र लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि १९९३ मध्ये सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी सरकारची, हे पक्कं झालं. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम आले. तोही एका पत्रापासूनच सुरू झालेला खटला.

आपल्याकडे १९७२ साली, ‘घाशीराम’ रंगमंचावर आलं त्याच वर्षी, देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ते मथुरा प्रकरण. सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले. तेव्हा देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेली बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं, अशी तरतूद आली.

१९८५ मध्ये विधी आयोगानं सुचवलं की कोठडीतल्या जखमांबाबतही असंच करा, म्हणजे ताब्यात इजा झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला धरता यावं. ते आजवर कायद्यात आलेलं नाही. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून पक्का स्वीकारलेला नाही. म्हणजे बायकांनी लढून जे एका गुन्ह्यासाठी मिळवलं, ते कोठडीतल्या मरणासाठी मिळवायचं बाकी आहे.

आणि हा जुना इतिहास नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. त्याची आई उच्च न्यायालयात गेली. औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. पुन्हा एक आईच.

आपल्या गटात काय करता येईल

पहिलं, नियम पाठ करा. अटक करणाऱ्यानं नावाची पट्टी लावली पाहिजे. अटकेचा कागद केला पाहिजे, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही पाहिजे. नातलगाला कळवलं पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ठाण्यात सीसीटीव्ही असावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. कोठडीत मरण झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची असते आणि चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं असतं. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना मिळकत न बघता मोफत देतं. फोन १५१००.

हे नुसतं ऐकून लक्षात राहत नाही. म्हणून दुसरं सांगते. पंधरा मिनिटांचं नाटक बसवा. प्रवेश तीन पुरेत. पहिला, रात्री वस्तीवर गाडी येते. दुसरा, बायको ठाण्याच्या पायरीवर. तिसरा, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर तो माणूस उभा आहे, आणि साहेब विचारतात, काही तक्रार आहे का? तिथे थांबा. प्रेक्षकांना विचारा, त्यानं काय सांगावं? बायकोनं कुठला कागद मागायला हवा होता? एखादीला पुढे बोलवा आणि तिला बायकोची भूमिका करायला द्या. नियम असे पाठ होतात, आणि भीडही अशीच मोडते.

दोनतीन पथ्यं मात्र पाळा. चालू खटल्यातली खरी नावं घेऊ नका. कुणाच्या घरचं दुःख त्यांना विचारल्याशिवाय मांडू नका. मारहाण रंगवून दाखवू नका, आवाज पुरतो. पोलिसाचं काम करणारीला राक्षस करू नका, माणूस ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पालावरच्या बायकांवर नाटक करायचं तर त्या आपल्या गटात हव्यात. त्या बाहेर बसून बघताहेत आणि आपण त्यांचं सोंग आणतोय, असं नको. खरं सांगा, तुमच्या बचत गटात पारधी समाजातली एक तरी बाई आहे का? नसेल तर नाटकाच्या आधी तेवढं काम करा.

येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, चावडीपुढे ते नाटक करा. ठाण्यातल्या साहेबांनाही बोलवा, पुढच्या रांगेत बसवा. आणि नाटक संपलं की पालावरच्या मैत्रिणीबरोबर चहा घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. रात्री वस्तीवर गाडी येईल, तेव्हा तिच्याबरोबर ठाण्याच्या पायरीवर बसायला आणखी चौघी असल्या, तर आतल्यालाही कळतं की बाहेर कुणीतरी बघतंय.